काटेरी हलव्यासारखी अंडी

कोळ्यांचे फोटो काढायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी बासष्टची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा. अक्कलही त्याच मानाने. कोलकात्यात बालीगंजच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची पडलेली असे. तिच्या बुडाशी एका तपकिरी मादीने जाळं विणलं होतं. पायांवर पट्टे, पोटावर नारिंगी डमरू. मी एस्प्लनेडच्या फुटपाथवरून मोबाइलला चिमट्याने लावायचं भिंग आणलं आणि रोज सकाळी गच्चीवर आडवी पडू लागले. साडीचं पायपुसणं झालं, पण त्या मादीचं रूप असं की नजर हटेना.

बॅटरी धरायला दोन मजले खाली राहणाऱ्या वहिनी यायच्या. जन्म कोलकात्यातला, पण मराठी माझ्याहून चोख. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आदल्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते. खुर्ची किती कलती करायची, उजेड कुठून मारायचा, ते त्यांनाच कळे. एके दिवशी जाळ्यात अंड्यांच्या चार गोळ्या दिसल्या. पांढुरक्या, अंगभर काटे.

"अगं, हा तर संक्रांतीचा हलवा!" वहिनी म्हणाल्या. "आणि काटा बघ काय आलाय! मी तीन-तीन दिवस परातीशी बसते, मला नाही असा साधत."

या कोळ्याला इंग्रजीत 'विधवा' म्हणतात हे मी मोबाइलवर वाचलं होतं. वहिनींसमोर तो शब्द एकदाही उच्चारला नाही. 'आपली तपकिरी' म्हणायचे. किती बाई हळवं मन माझं, असं माझं मलाच कौतुक.

मग संक्रांत आली. दर वर्षी माझ्याकडे हळदीकुंकू. पंधरा-वीस मराठी बायका, बहुतेक बदलीवर आलेल्या अधिकाऱ्यांच्या घरच्या. यादी करताना पेन वहिनींच्या नावापाशी थबकलं आणि पुढे सरकलं. बायका काय म्हणतील? वहिनींनाच अवघडल्यासारखं झालं तर? कारणं भराभर सुचली. भित्र्या माणसाला दुसऱ्याची काळजी फार. आणि सुनेला सुधारणेवर व्याख्यानं देणारी ती मीच.

आदल्या दिवशी वहिनींनी, न मागता, बरणीभर हलवा वर पाठवला. मी तो सगळ्यांना वाटला. शिवाय टीव्हीवर माझे फोटो दाखवले. "हा बघा, संक्रांतीचा हलवा!" सगळ्या खो खो हसल्या. विनोद कुणाचा ते मी सांगितलं नाही. एका फोटोच्या कडेला वहिनींचा अंगठा आला होता.

"हे कोण हो?" एकीने विचारलं.

"शेजारीण," म्हणाले आणि पुढचा फोटो लावला.

दुसऱ्या दिवशी बरणी परत करायला गेले. रिकामी कशी द्यायची, म्हणून आत नोलेन गुळाचे, म्हणजे इथल्या खजुरीच्या ताज्या गुळाचे, तिळाचे लाडू घातले होते. तोंडातही एक खोटं घोळवत नेलं होतं. "वहिनी, तुम्हाला जिने चढायचा त्रास नको म्हणून..."

"रोज चढतेच की." त्यांनी बरणी हातातून घेतली. "आणि त्या कोळ्याचं नाव मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलंय मी. तू तो शब्द गिळायचीस ना, मला बरं वाटायचं गं. म्हणायचे, जपते बिचारी."



पुढच्या संक्रांतीला बोलावणं करायला सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे गेले.

"येईन की," त्या म्हणाल्या. "पण मला कुंकू लावण्याआधी इतरांच्या तोंडाकडे बघितलंस, तर दारातूनच परत फिरेन."

आल्या. फिकट निळी साडी नेसून, ताठ. मी करंडा उचलला, आणि माझी मेली नजर गेलीच बायकांकडे. क्षणभरच. वहिनींनी ती बरोबर टिपली. पण त्या फिरल्या नाहीत. कपाळ पुढे करून उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत, आणि माझं बोट तिथवर पोचेपर्यंत त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.