पांढऱ्या सीटवर कोरी हिरवी साडी

पालघरजवळच्या माहीमला एका लग्नघरासमोर गाडी लावली आणि मागच्या सीटवर चादर अंथरली... त्या चादरीपायी नवरी गाडीत बसेना!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा बोईसरला एका कारखानदार शेठकडे ड्रायव्हर होतो. शाळा नववीत सुटलेली, नुकतीच विशी ओलांडलेली, आणि स्वभाव असा की गाडी लॉक केली तरी परत जाऊन हँडल ओढून बघणार.

शेठनी गाडीला हस्तिदंती रंगाच्या लेदरच्या सीट बसवून घेतल्या होत्या. आमच्याकडे बाकी सगळ्या गाड्यांना रेक्झिन... त्यामुळे लोक काचेला नाक लावून आत बघायचे.

पहिला डाग पडला तो शेठच्या भाच्याच्या नव्या जीन्सचा. उन्हात तापलेली सीट, घामाने ओलसर झालेली पँट, आणि पालघर ते बोईसर एवढाच प्रवास. तरी बसल्या जागी निळा पट्टा!

गॅरेजवाला म्हणाला, "थिनर मार दे, एक मिनट में साफ!" मी आधी सीटच्या खाली, कुणाला न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थेंबभर लावून पाहिलं... फडक्यावर लेदरचाच रंग उतरून आला. थिनरचा डबा तिथेच परत दिला.

मग माझ्या पद्धतीने गेलो. अंगाच्या साध्या साबणाचा नुसता फेस घ्यायचा, पाणी ओतायचं नाही. मऊ सुती फडक्याने डागाच्या कडेकडून मध्ये यायचं, हलक्या हाताने. फडक्याला रंग दिसला की घडी बदलायची, नाहीतर तोच रंग आपण परत सीटला फासतो.

शेवटी ओलसर फडक्याने फेस टिपायचा, सावलीत वाळू द्यायचं आणि लेदरचं क्रीम लावायचं. डाग ताजा होता म्हणून गेला. मुरला असता तर मी काय, कुणीच काही करू शकलं नसतं... तेव्हापासून डिकीत एक धुतलेली चादर कायम ठेवायला लागलो.

शेठच्या कारखान्यात हरेश्वरकाका फिटर होते. माहीमचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. त्यांच्या मुलीच्या पाठवणीला शेठनी आपणहून गाडी दिली. मला एवढंच म्हणाले, "मुलीला मानाने केळव्याला पोचव. आणि सीट सांभाळ."

नवरी दारात आली आणि माझी नजर थेट साडीवर गेली. हिरवीगार साडी, अगदी कोरी. लग्नाचं कापड कुणी आधी धुवत नाही... त्यात समुद्राकडची दमट हवा आणि दुपारची वेळ. मी पटकन चादर काढून सीटवर नीट टाकली, चारही कोपरे खोचले.

पाठराखीण म्हणून नवरीची आत्या बरोबर निघाली होती. तिने आत डोकावलं आणि थांबली.

"काय रं डायवर, आमच्या अंगाला मासळीचा वास येतो म्हनून गादी झाकलीस?"

"तसं नाही हो आत्याबाई..."

"मंग कसं? तुजा शेठ बसतो तवा टाकतोस चादर?"

नव्हतो टाकत. शेठ पांढरेच कपडे घालायचे, पण हे त्या वेळी कुणाला पटणार? मागून एक म्हातारी बोलली, "ने रं तुजी गाडी! आमची पोर टेम्पोतशी जाईल." बँडवाले वाजवायचे थांबले. हरेश्वरकाका मान खाली घालून उभे. त्यांना उद्या त्याच कारखान्यात जायचं होतं...

चादर काढली असती तर भांडण तिथेच मिटलं असतं. पण मग सीट हिरवी झाली असती, आणि 'माझ्या मुलीने गाडी खराब केली' हे काकांना जन्मभर सलत राहिलं असतं. मला दोन्ही नको होतं.

मी खिशातला पांढरा रुमाल तिथल्या घागरीतल्या पाण्याने ओला केला. नवरीला म्हणालो, "ताई, पदराचं टोक जरा यात दाबा." तिने दाबलं. रुमाल उघडला... मधोमध हिरवा ठसा.

"आत्याबाई, घामाने हेच होणार. लेदर रंग पिऊन घेतं. उद्या लोक डाग बघतील आणि नाव तुमच्या पोरीचं घेतील. म्हणून चादर. दुसरं माझ्या मनात काही नाही."

आत्याने रुमाल हातात घेतला, उलटून पाहिला, बोटाने चोळून पाहिला. वाटलं, जिंकलो! पण ती म्हणाली, "खरं हाय तुजं. पन ती चादर काढ."

माझं तोंडच उतरलं. ती घरात गेली आणि एक जुनं सुती लुगडं घेऊन आली. धुऊन धुऊन साईसारखं मऊ झालेलं, रंग केव्हाच उडालेला. "हे माज्या आयचं. आमच्या पोरीच्या खाली आमी टाकू, तू नाय."

तिने ते पायघडीसारखं अंथरलं. थेट सीटच्या पाठीपर्यंत! एवढं माझ्याही लक्षात आलं नव्हतं. नवरी बसली, बँड सुरू झाला, आणि काकांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

केळव्याला उतरल्यावर आत्याने लुगडं उचलून उजेडात धरलं. बसल्या जागी हिरवी छटा... खालची सीट मात्र स्वच्छ. मी घडी घालून तिच्या हातात द्यायला लागलो, तर तिने माझा हात मागे सारला.

"ऱ्हाऊं दे तुज्या गाडीत. पुढच्या नवरीला लागंल. आनि तिच्या घरच्यांना सांग, माहीमच्या आत्याने दिलंय."

त्यानंतर बऱ्याच नवऱ्या त्या लुगड्यावर बसून सासरी गेल्या. दर वेळी मी ते आधी घरच्या बायकांच्या हातात द्यायचो, ते कुणी दिलंय ते सांगायचो आणि म्हणायचो, "तुम्हीच अंथरा." एकदाही कुणी रागावलं नाही... आत्याबाई, तुमच्यामुळे.