लिफ्ट मीच बंद पाडली

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीची तीन नंबरची खिडकी आहे, तिथे बसतात त्या खिडकीबाई. खरं नाव पगारपत्रकात असेल, विचारतो कोण! बावीस वर्षं लोकांचा संताप झेलून बाईंची जीभ अशी तयार झाली होती की काही विचारू नका. एकदा एका गृहस्थांनी खिडकीवर मूठ आपटली, "तीन दिवस अंघोळ नाही!" बाई म्हणाल्या, "ते कळलं इथवर. आता पत्ता सांगा." गृहस्थ स्वतःच हसले आणि निमूट अर्ज भरून गेले.

मागे रांगेत पोस्टमन उभा होता. त्यानेच बाईंना मंगळवारच्या सामन्यांत ओढलं. शाळेचं सभागृह, दोघादोघांच्या जोड्या. प्रेक्षकांतून कुणी एक शब्द ओरडायचा आणि त्यावर जागच्या जागी प्रवेश उभा करायचा. अडखळला तो बाद. नियम एकच. जोडीदार म्हणेल ते खरं धरायचं. "नाही" म्हणायचं नाही, "हो, आणि" म्हणून पुढे रेटायचं. दिवसभर "नाही, आज पाणी नाही" सांगणाऱ्या बाईंना हा नियम भलताच मानवला.

थोरल्या बहिणीने नाक मुरडलं. "एवढा देह घेऊन स्टेजवर? लोक हसतील."

"हो ताई, आणि टाळ्याही वाजवतील."

चार वर्षं वाजवल्या की लोकांनी! मग टीव्हीवरच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. जोडीने तीन फेऱ्या जिंकल्या. चौथी जिंकली की थेट अंतिम फेरी. बाईंना ती हवी होती, अगदी मनापासून हवी होती. खोटं कशाला बोला?

रेकॉर्डिंगच्या आधी कार्यक्रमाचे साहेब मेकअपच्या खोलीत आले आणि बाईंच्या हातात एक कागद ठेवला. "शब्द येणार 'लिफ्ट'. ओरडणारा आपलाच माणूस आहे. एवढे संवाद पाठ करा."

बाईंनी वाचलं. बारा विनोद, बाराही त्यांच्या वजनावर.

"अहो, हे आयत्या वेळी सुचलेलं असतं ना?"

"लोकांना हेच लागतं, बाई. जमत नसेल तर दुसरी जोडी बाहेर तयार बसलीय."

पोस्टमन बुटांकडे बघत राहिला. त्याला कागद कालच मिळाला होता आणि मेल्याने पाठसुद्धा केला होता! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली आणि पर्स खांद्याला लावूनच स्टेजवर गेल्या.

"लिफ्ट!" आपला माणूस ओरडला.

पोस्टमनने पहिलं वाक्य टाकलं, "बाई, तुम्ही पाऊल ठेवलंत आणि लिफ्ट बंद पडली!"

हशा पिकला.

"हो," बाई म्हणाल्या, "आणि ती मीच बंद पाडली, पोस्टमनदादा. रोज जिन्याने पसार होता, आज बरे सापडलात." त्यांनी पर्समधून कागद काढला. "हे पत्र माझ्या नावावर आलंय. आत बारा विनोद आहेत, एकही माझा नाही. कुणाचं आहे हे?"

पोस्टमनचा चेहरा पांढरा पडला. मग त्याने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"हो," तो म्हणाला, "आणि पत्ता चुकलाय. पाठवणाऱ्याला परत."

हवेतलं लिफ्टचं दार दोन्ही हातांनी उघडून तो पायऱ्या उतरला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या साहेबांच्या मांडीवर कागद ठेवून आला. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

तो प्रवेश टीव्हीवर दिसलाच नाही. कापला. अंतिम फेरीत दुसरी जोडी गेली. ताईने शेजारपाजार गोळा करून टीव्ही लावला होता; तिने फोनवर तोंड सोडलं. बाईंनी कागदाचं सांगितल्यावर मात्र ती साहेबांवर कडाडली, "मी बोलले ते वेगळं, मी बहीण आहे! तो कोण टिकोजीराव लागून गेला?" बाईंना त्या रात्री रडू आलं, आणि ते फेरी गेल्याचं होतं. पण झोप लागली.

दोन महिन्यांनी कचेरीत साहेबांचा फोन आला. "बाई, नवीन पर्व सुरू होतंय. तुम्ही एकट्याच या, पोस्टमन नको. आणि वजनाचे विनोद यंदा फक्त तीन."

खिडकीबाहेर चौदा माणसांची रांग होती.

"नाही," बाई म्हणाल्या. स्टेजवर हा शब्द चालत नाही, खिडकीवर चालतो. त्यांनी फोन ठेवला. "हं, पुढचे कोण? या, बोला."