इटलीच्या बाजारातली कुंची

भूतखेत, भास, दृष्टांत... मी यातलं काही मानत नव्हते. अंगात येणाऱ्या बायकांना मनातल्या मनात हसायची. तोंडाने सांगायला गेले की राग आधी येतो आणि शब्द फुटत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे.

आमचे हे चित्रं काढतात. एका मालदार माणसाच्या खर्चाने इटलीला गेले, तेव्हा मला तिसरा महिना होता. घर अनसिंगला, वांग्या-मिरच्यांचा मळा. आधीची दोन लेकरं गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "पाच घरचे तुकडे मागून आन अन् कुंची शिव. मंग लेकरू टिकते."

मला मागायची लाज. चार घरी गेले. पाचवा तुकडा माझ्याच निळ्या चोळीच्या बाहीचा लावला — चुलीच्या ठिणगीने भोक पडलेला. कोणाला सांगितलं नाही.

मुलगी झाली. सहा महिन्यांची होऊन तापाने गेली. कुंचीसकट पुरली. दिरांनी यांना पत्रात दोन ओळी कळवल्या. उत्तर आलं नाही.

ती गेल्यावर वर्षाने हे परतले. जऊळक्याच्या स्टेशनवर लोक हार घेऊन उभे! घरी आल्यावर दुपारी ओसरीवर एक चित्र उलगडलं. तिथल्या भाजीबाजारातली गोरी बाई, पाठमोरी. खांद्यावर तान्हं मूल, तोंड तिच्या मानेत खुपसलेलं. डोक्यावर माझी कुंची. चार तुकडे तेच... आणि कानामागे निळा, भोकासकट.

"हे कुठं पाह्यलं तुमी?" मी सगळ्यांसमोर विचारलं. जन्मात पहिल्यांदा.

"बाजारात. बाई पुढं चालून राह्यली होती. लय सुंदर दिसलं, उभ्यानंच काढलं. काहून?"

चित्रामागे तारीख होती. पोर गेली त्याच दिवसाची. दिरांचं पत्र तेव्हा लिहिलंही नव्हतं.

माझ्या अंगाची आग झाली. रात्रंदिवस तिच्या उशाशी मी बसले, आणि दिसली कोणाला? दोन ओळींचं उत्तर न धाडणाऱ्या माणसाला! तिचा फोटो नाही. तिचा चेहरा मला रोज थोडा थोडा आठवेनासा होत होता.

"तोंड काढा तिचं," मी म्हणाले. "आत्ताच काढा."

यांनी कुंचला उचलला, खाली ठेवला. "कसं काढू? मी पाह्यलंच नाही. बाई वळलीच नाही."

"हाक मारायची होती! लेक होती ना तुमची?"

"काय म्हनून हाक मारू? नाव कुठं ठाऊक होतं मले?"

एक शिकलेले पाहुणे म्हणाले, योगायोग. ठिणगीच्या भोकाचाही? चित्र प्रदर्शनासाठी मागतात, मी देत नाही. हे त्यावरून भांडतात, रुसतात, जेवण टाकून उठतात...

पोरीचं नाव मात्र यांनी अजूनही विचारलेलं नाही.