वारा फिरायची वेळ
पस्तीस वर्षं लोकांच्या डोक्यांवर उजवा हात अधांतरी धरून वस्तादांचा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी कात्री बंद करायला लावली, सलून मुलीने हातात घेतलं आणि दाढीचा फेस घोटण्यापुरते वडील उरले. बाजार मात्र त्यांना अजून वस्तादच म्हणे. म्हणणारच हो, निम्म्या बाजाराची पहिली दाढी त्यांनीच केलेली!

पण गडी खुर्ची उबवत बसणारा नव्हता. त्यांच्याकडे मासेमारीची एक कयाक होती, म्हणजे वल्ह्याची चिंचोळी होडी, प्लास्टिकची, पिवळी, एका माणसापुरती. आता वल्हं मारायचं म्हटलं की पुन्हा खांदाच आला. म्हणून त्यांनी एक छोटं शीड मागवलं. लवचिक कड्यावर ताणलेलं गोल कापड, मधे समोरचं दिसायला पारदर्शक खिडकी. पुढच्या टोकाशी दोन कड्या अडकवायच्या, दोरी हातात धरायची, पाठीवर वारा घ्यायचा, निघाली स्वारी. गोम एवढीच की हे शीड वारा नेईल तिकडेच जातं.

म्हणून जाणती माणसं आधी वाऱ्याविरुद्ध वल्हवत जातात आणि परतताना शीड उघडतात. वस्तादांनी सगळंच उलटं केलं. त्यांच्या किनाऱ्यावर सकाळी वारा जमिनीकडून समुद्रात जायचा आणि अकराच्या सुमाराला फिरून समुद्राकडून यायचा. सकाळच्या वाऱ्याने जायचं, नंतरच्या वाऱ्याने यायचं, वल्हं आपलं नावाला. दोन महिने वाऱ्याने वेळ पाळली आणि दोन महिने वस्तादांनी गिऱ्हाइकांचे कान किटवले. मुलीला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. ज्या दिवशी तुम्हाला आणायला कुणाला यावं लागेल त्या दिवशी ही कयाक विकायची, अशी तिने अट घातली. वस्तादांनी ती हसत हसत कबूल केली. दुसरं काय करणार? त्या कयाकेखेरीज त्यांचं स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं.

मग तो दिवस आला. अकरा वाजले, वारा फिरला नाही. शीड मिटून ते गळ टाकून बसले होते, तरी कयाक आपली बाहेरच चालली होती. साडेअकरा झाले. त्यांनी नांगर सोडला, तर दोर संपला तरी तळ लागेना. मग वल्हं उचललं. वीस हात कसेबसे मारले आणि खांद्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. वल्हं मांडीवर ठेवून ते किनाऱ्याकडे बघत राहिले. पाण्याची टाकी दिसत होती, तिच्याखालची घरं दिसेनाशी झाली होती.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत गळ्यातच होता. रेंजच्या दोन काड्या होत्या. लावला तर जीव वाचेल, पण कयाक जाईल. अजून दहा मिनिटं बघू, असं त्यांनी स्वतःला चार वेळा सांगितलं. माणूस हट्टाला पेटला की घड्याळही त्याचं ऐकतं असं त्याला वाटतं! एकच काडी उरली तेव्हा मात्र त्यांच्या पाचावर धारण बसली. रेंज गेली की ओरडून घसा फोडला तरी ऐकणारं कोण होतं? त्यांनी मुलीला फोन लावला.

"ये गं," एवढंच ते म्हणाले आणि कुठे आहेत ते सांगितलं.

बाजारातल्या बर्फवाल्याला त्याच्या मोटारबोटीसकट घेऊन ती आली. ॲप्रनही काढायचं भान तिला राहिलं नव्हतं, त्यावर कुणाचे तरी अर्धवट कापलेले केस तसेच होते. बर्फवाल्याने कयाकेला दोर बांधला आणि बोट वळवली. अर्धी वाट झाली असेल-नसेल, तोच वस्तादांच्या मानेला मागून गार झुळूक लागली. वारा फिरला होता, चांगला भरघोस. मेला तासभर आधी फिरता तर काय बिघडलं असतं! त्यांना रडूच फुटायच्या बेताला आलं.

"वारा फिरलाय," ते दोराच्या टोकावरून ओरडले. "सोड मला. माझा मी येतो."

मुलीने मागे बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. "बाबा, एवढी शोधत होते, तुम्ही कुठे दिसतच नव्हता," ती म्हणाली. दोर तसाच राहिला.

किनाऱ्यावर दोघांनी मिळून कयाक वाळूत ओढली. म्हणजे ओढली तिनेच, यांनी डावा हात नुसता लावला होता. अटीबद्दल ती चकार शब्द काढेना. शेवटी त्यांनाच राहवेना.

"हिला गिऱ्हाईक बघ मग," ते म्हणाले आणि थांबले. लहानपणापासून ही पोरगी त्यांचा शब्द खाली पडू देत नसे, पण आज तिने तो पाडावा, राहू द्या हो बाबा म्हणावं, म्हणून त्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे लागले होते.

ती ॲप्रनवरचे केस झटकत होती.

"बघते," ती म्हणाली.