वेडा राघू

आज शेतातल्या तारेवर हिरवा वेडा राघू दिसला आणि वालूरचा फाटा आठवला. तिसऱ्यांदा माहेरी पळून आलेल्या आत्याला आजोबा परत सासरी नेऊन घालायला निघाले होते. बसची वाट बघताना मी विचारलं, "आबा, ह्या पाखराला वेडा कामून म्हणतेत?"

"सारखं उडतंय अन् फिरून त्याच तारेवर येऊन बसतंय, म्हणून," आबा आत्याकडं बघत म्हणाले.

मी खळखळून हसले. आत्यानं पिशवी नुसती घट्ट धरली. दिवाळीच्या आत ती गेल्याचा निरोप आला.

आज पहिल्यांदा नीट पाहिलं. दर खेपेला राघूच्या चोचीत माशी होती. ती खायला तो तारेवर परतत होता. त्यात वेडेपणा कसला? टेकायला आत्यालाही तेवढी एकच जागा होती, आणि मी हसले होते.