रविवारची सकाळ वर्षाची

माझ्या बायकोनं केक करू नयेत, असं मला वाटायचं.
तिच्या तोंडावर तसं बोललोही होतो.

आज वर्षाला जाऊन एक वर्ष झालं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तिचे केक खाल्लेत. कुणाच्या मुलाचा पहिला बर्थडे, कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाची पन्नाशी. फोटो अजून तुमच्या मोबाईलमध्ये असतील. पण ती हे सगळं कधी करायची, ते तुम्हाला माहीत नाही.
घरात राहून मलाही नीट माहीत नव्हतं.

वर्षा उल्हासनगरला, पाच नंबरच्या कॅम्पात, एका जीन्सच्या युनिटमध्ये चेकर होती. दिवसभर उभं राहून शिलाई तपासायची. जेवणाची सुट्टी अर्धा तास. त्याच गल्लीत एक सिंधी आंटी केकचे क्लास घ्यायच्या. ही दहा मिनिटांत डबा संपवायची आणि उरलेली वीस मिनिटं आंटींकडे.

घरी प्रॅक्टिस डालडा आणि पिठीसाखरेवर. स्टीलचं ताट पालथं घालून त्यावर फुलं काढायची, खरवडायची, परत काढायची.

आंटी ओरडायच्या म्हणे, "अरे पुट, हाथ ढीला छोड़! गुलाब बना रही है, कपड़े नहीं निचोड़ रही!"
पुट म्हणजे त्यांच्या सिंधीत बाळा. ही नक्कल वर्षा करून दाखवायची आणि स्वतःच हसायची.

शिकली. ऑर्डरी यायला लागल्या. पहाटे उठून क्रीम लावायची, मग आमचे डबे, मग आमच्या मुलीची, सईची शाळा, मग ड्युटी. संध्याकाळी स्कूटरवर मी पुढे, मागे ती मांडीवर बॉक्स घेऊन. आमच्या कात्रपहून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मांजर्लीपर्यंत प्रत्येक स्पीडब्रेकरला, "अहो, हळू!"

मी वैतागायचो.

मग तो दिवस. सई तेव्हा पहिलीत होती. मी रात्रीची थर्ड शिफ्ट करून अंबरनाथच्या कारखान्यातून सकाळी घरी आलो. सईला ताप. आणि वर्षा ओट्याजवळ उभी, केकवर फुलं काढतेय.

मी म्हणालो, "पोरीपेक्षा केक मोठा झाला का तुला?"

सई जागी होती. तिनं ऐकलं.

वर्षानं तिला औषध दिलं होतं. कपाळावरची पट्टी दर थोड्या वेळानं बदलत होती. सुट्टीही टाकली होती. यातलं काहीच मी विचारलं नव्हतं. तिनं केक पूर्ण केला, स्वतः रिक्षानं देऊन आली. मग सगळं सामान पुसून एका डब्यात भरलं आणि माळ्यावर टाकलं.

आठ महिने तो डबा खाली आला नाही.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. वेळेवर जेवण, घरात शांतता.

मग अंबरनाथला माझ्या बहिणीकडे भाच्याचा वाढदिवस होता. केक विकतचा. त्यावरचं एक फूल उन्हानं घसरलं होतं. सगळे बाहेर फोटो काढत होते आणि वर्षा एकटीच टेबलाजवळ उभी होती. सुरीच्या टोकानं तिनं ते फूल हळूच वर सरकवलं. दोन पाकळ्या नीट केल्या.

तेवढ्यात मी दिसलो.
चोरी पकडल्यासारखा तिनं हात मागे घेतला.

मित्रांनो, आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. माझी बायको मला घाबरून हात मागे घेते, हे मी त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या रविवारी मी डबा खाली काढला.

"अहो, हे कशाला? वेळ कुठाय मला?"
"रविवारची सकाळ तुझी. जेवण मी करतो."
"काय येतं तुम्हाला?"
"खिचडी."
"दर रविवारी खिचडी?"
"दर रविवारी."

तिनं डबा माझ्या हातातून घेतला. म्हणाली, "सईला तिखट कमी लागतं."

अडीच वर्षं आम्ही खिचडी खाल्ली. नंतर नंतर मला वरणभातही जमायला लागला. तिचे सगळ्यात चांगले केक त्याच अडीच वर्षांतले.

मग कॅन्सर.

केमोनंतर तिच्या बोटांना मुंग्या यायच्या. कप धरता यायचा नाही, क्रीमची पिशवी तर लांबच. ऑर्डरी तिनं स्वतःच फोन करून नाकारल्या. फक्त सईच्या दहाव्या वाढदिवसाला म्हणाली, "हा तरी घरचा करू."

पिशवी मी धरली. ती स्टुलावर बसून सांगत होती.

"अहो, नटबोल्ट आवळताय का? हलकं!"

माझे गुलाब फ्लॉवरच्या भाजीसारखे झाले. ती इतकी हसली की तिला धाप लागली. सईनं तो केक कुणाला नीट करू दिला नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी वर्षा गेली.

नातेवाइकांचे नंबर शोधायला मी तिचा फोन उघडला. अलार्मची यादी समोर आली. प्रत्येकापुढे नाव लिहिलेलं. चार पन्नास, केक. पावणेसहा, डबे. सव्वासहा, सईची वेणी. अशी संध्याकाळपर्यंत रांग. चार पन्नासला मी कधीच उठलो नव्हतो.

सगळ्यात खाली एक होता, बंद करून ठेवलेला. रात्री साडेआठ, 'दहा मिनिटं बसायचं'.

सई शेजारी येऊन बघत होती. म्हणाली, "पप्पा, बाकीचे सगळे मला माहितीयेत. हा कधी वाजलाच नाही."

वर्षा, मला उशीर झाला गं.

सई बरी आहे. अभ्यास करते. तुझ्यासारखीच हसते.

आम्हा दोघांचा तुला नमस्कार. आता निवांत बस.