चोंगकिंगच्या सरकत्या जिन्यावर

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारे लोक अनुभवी असतात, मी नुसता वाचणारा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे चारचौघांत काय लिहावं, किती लिहावं हे मला नीट कळत नाही. दोनदा लिहून पुसलं. तरी पाठवतोय, कारण हे घरात कुणाशी बोलता येत नाही... बाबांशी तर नाहीच.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही विहारात जाणारी माणसं. नवस, उतारा, अंगारा आमच्याकडे नाही. लहानपणी मी चिंचेखालच्या भुताला भ्यालो, तर बाबांनी मला दुपारभर त्याच चिंचेखाली पाढे म्हणत बसवलं होतं. या सदरातले अनुभव मी होस्टेलवर मोठ्याने वाचून हसलोही आहे. त्याचीही माफी.

मी मोताळा तालुक्यातला, आमचं गाव रोहिणखेडपासून जवळ. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा विहिरी खोदतात. त्यांचे जोडीदार नामाकाका, आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. दोघं खाली उतरून सब्बलीने दगड फोडतात आणि वर यारी असते, म्हणजे दगडमाती वर ओढणारं यंत्र. त्याच्याच लोखंडी बादलीत बसून माणसंही वर येतात.

कॉलेजने आम्हा सहा जणांना पंधरा दिवसांसाठी चीनमधल्या एका विद्यापीठात पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाबांचं रोहिणखेडच्या शिवारात काम चालू होतं. विहीर चाळीस फुटांवर गेली होती. खाली काळा दगड, पण वरचा मुरूम सैल. निघण्याच्या आदल्या दिवशी मी काठावर उभा राहिलो तर पायाखालून खडे निसटले.

"बाबा, आधी वरचं बांधून घ्या, मग खाली जा," मी म्हणालो.

"पानी लागू दे, मंग बांधू," बाबा म्हणाले.

नामाकाका हसले. "काऊन बे इंजिनिअर, आतापासूनच आमचा सायब झाला का? तिकडं बेडूक खातात म्हनते. येशील तवा उड्या मारत येशील!"

"त्याचं मनावर घेऊ नको," बाबा म्हणाले, "तो बुलडान्याच्या पुढं नाही गेला कधी."

"अन् तू कुठी गेला? आपून दोघं खालीच जातो, पुढं नाही जात."

असं हसतच मी निघालो. पण तो सैल मुरूम काही डोक्यातून गेला नाही.

आता त्या शहराबद्दल. चोंगकिंग. व्हिडिओत पाहिलं होतं तेव्हा भारी वाटलं होतं. खरं सांगतो, प्रत्यक्षात मला भीती वाटली. पहिल्या सकाळी आम्ही एका इमारतीत रस्त्यावरून सरळ आत शिरलो, चौक ओलांडावा तसे चालत मागच्या कठड्याशी आलो आणि मी खाली पाहिलं... तर खाली आणखी एक रस्ता, त्याच्या खाली आणखी एक, आणि सगळ्यात खाली धुक्यात नदी. आम्ही बाविसाव्या मजल्यावर होतो. एक रेल्वे समोरच्या इमारतीच्या पोटात शिरली आणि दुसऱ्या बाजूने निघाली. खाली गाड्याच गाड्या, पण हॉर्न नाही. स्कूटर मागून येऊन अंगाजवळून जायची तरी आवाज नाही. हवेत तिखट तेलाचा वास, आकाश पांढरं, आणि एकही अक्षर ओळखीचं नाही. या शहराला जमीन कुठे आहे तेच मला कळेना. आपल्याकडे कुठेही उभं राहिलं तरी पायाखाली माती असते. इथे पायाखाली आणखी कुणाचं तरी छप्पर.

माझ्यासोबत मलकापूरचा आकाश होता. तो म्हणाला, "चेहरा काऊन उतरला बे? गावाकडची आठवन येऊन राह्यली का?"

"जमीन शोधून राह्यलो," मी म्हणालो.

"सापडली तं सांग. सातबारा काढू!"

चौथ्या दिवशी, सकाळी साडेअकराला, आम्ही मेट्रोला निघालो. तिथले साडेअकरा म्हणजे आपल्याकडचे नऊ. ते स्टेशन जमिनीखाली फार खोल होतं. एक सरकता जिना उतरलो की दुसरा, मग तिसरा. प्रत्येक जिना इतका लांब की शेवट दिसत नव्हता. भिंती पांढऱ्या, चकचकीत, कोरड्या. माणसं आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून उभी.

तिसऱ्या जिन्यावर मला वास आला. ओल्या, नुकत्याच फोडलेल्या दगडाचा. जो विहिरीवर वाढला त्याला तो वास सांगावा लागत नाही. मग आवाज. सब्बलीचा. एक ठोका, लगेच दुसरा. दोन माणसं आळीपाळीने मारतात तसा. खण्... खण्. खण्... खण्.

मी आकाशला म्हणालो, "ऐकून राह्यला का?"

"काय?"

आवाज खालून येत होता. जिना मला तिकडेच नेत होता. आणि मग डोक्यावरून, पांढऱ्या छताकडून, खडे निसटल्याचा आवाज आला. आधी दोन-चार. मग थोडे जास्त. मी वर पाहिलं. छताला साधी चीरही नव्हती. पण तो आवाज मला माहीत आहे... त्याच्यानंतर काय येतं तेही माहीत आहे.

मी ओरडलो. "बाबा! वर या! बाबाऽऽ, लवकर वर या!"

किती वेळा ओरडलो आठवत नाही. आकाशने माझा दंड धरला होता. लोक वळून पाहत होते, एक बाई आपल्या मुलीला घेऊन दोन पायऱ्या खाली सरकली. ठोके थांबले... म्हणजे दोनांतला एक थांबला. दुसरा चालूच राहिला. एकटाच. खण्. खण्. खण्. मग तोही थांबला आणि जिना संपला.

कॉलेजमधून आमच्यासोबत आलेल्या सरांनी मला बाकावर बसवून पाणी दिलं. प्रवासाचा थकवा, झोप नाही, नवीन जागा, असं त्यांनी समजावलं. मी मान हलवली. आकाशने दिवसभर एकही टोमणा मारला नाही, त्याने मी जास्तच घाबरलो.

घरी फोन लागेना. तिथे आपलं व्हॉट्सॲप चालत नाही हे मला जाऊन कळलं होतं. फक्त सरांच्या फोनवरून भारतात कॉल लागायचे आणि यायचे. त्यांच्या फोनवरून बाबांचा नंबर लावला – बंद. ताईला लावला, म्हणजे मोताळ्याला दिलेल्या माझ्या बहिणीला. रिंग जायची, कुणी उचलत नव्हतं. दोन दिवस असं चाललं. सगळे फिरायला जायचे, मी खोलीत. लिफ्टमध्ये पाय ठेवायची हिंमत नव्हती, चौदा मजले जिन्याने चढायचो.

त्या दोन दिवसांत एक गोष्ट मला खात होती. विहिरीवर एक नियम असतो. मीही सुट्यांमध्ये काठावर उभं राहून तो पाळला आहे. धोका दिसला तर वरच्याने नाव घेऊन हाक मारायची नाही. "खालचे, वर!" एवढंच ओरडायचं. नाव घेतलं की तो एकटा वर पाहतो, बाकीचे काम करत राहतात. मी हे पाढ्यासारखं शिकलोय. आणि त्या जिन्यावर मी फक्त बाबांना हाक मारली होती.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. आकाश शपथेवर सांगतो की काहीच आवाज नव्हता, म्हणजे भासच. मग पुढचं काय? कुणाला कारण माहीत असेल तर कृपया लिहा. मी हसणार नाही.

सहाव्या दिवशी दुपारी सरांच्या फोनवर ताईचा कॉल आला. ती आमच्या घरी आली होती, तिचा आवाज बसला होता.

"बाबा बरे आहेत," ती आधी म्हणाली. "माती उपसता उपसता हाताले लागलं फक्त. परवा सकाळी नऊच्या सुमारास विहीर ढासळली. पन त्याच्या आधीच बाबा बादलीत बसून वर आले होते. म्हनतात, तुहा आवाज आला... यारीवाला म्हनते, वर त्याच्याबिगर कोनीच नव्हतं, कोनी आवाज नाही देला."

"अन् नामाकाका?"

ताईच्या मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, आमच्या भिंतीपलीकडून यावा तसा.

"काकालेही आवाज आला होता रे," ती म्हणाली. "बाबा त्यायले चाल म्हने. तं काका म्हने, पोरगं तुह्यं हाय, तुलेच बोलावून राह्यलं. तू जाय, मी एवढा दगड काढून येतो."